जवळचा तरुण तारा

दुसऱ्या दिवशी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि माझ्या नववीच्या मुलींच्या प्रकल्पाचा फ्लेक्स अजून छापायचाच होता. मी ताऱ्याचा फोटो पाठवला आणि पिंपळगावच्या वाल्मीकभाऊंना त्यांच्या फ्लेक्सच्या दुकानात फोन लावला.

"नाव एप्सिलॉन एरिडानी," मी सांगितलं. "तरुण तारा आहे आणि आपल्या अगदी जवळचा."

"जवळचा म्हणजे आपलाच माणूस, मॅडम. वय?"

"पन्नास कोटी वर्षं."

मागं मशीन धडधडत होतं, त्यात 'कोटी' हरवलं असावं.

"पन्नास ना? मग तरुणच की! आम्ही साठीपर्यंत युवाच लावतो."

त्यांनी गंमत केली असं समजून मी हसले.

"फोटोत फ्लॅश लय पडलाय, चेहराच दिसत नाय. पण करतो ॲडजस्ट. बाजूनं गोलात कोणकोण घ्यायचं?"

"ग्रह. पण ते नक्की किती आहेत याची खात्री नाही, म्हणून फक्त 'संभाव्य ग्रहमाला' एवढं लिहा."

"कळलं. ते खाली टाकतो."

सकाळी शाळेच्या फाटकावर दहा फुटी फ्लेक्स झळकत होता. मुख्याध्यापक त्याच्यासमोर डोक्याला हात लावून उभे होते. मधोमध भगभगीत पिवळा गोळा, त्याला वरून फेटा चढवलेला, आणि मजकूर असा:

"आमचे मार्गदर्शक, युवा नेतृत्व, मा. एप्सिलॉनभाऊ एरिडानी यांना पन्नासाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!



शुभेच्छुक : संभाव्य ग्रहमाला."