पहिली नळी

सिकलसेलच्या संशोधनासाठी मला जर्मनीला जायचं होतं. अंबाडीजवळच्या आमच्या पाड्यांवरची रक्ताची सँपलं तिथल्या लॅबमध्ये मीच तपासणार होते. सुई बघून कोणी हात पुढे करेना, तेव्हा आई म्हणाली, "मेघाली, आधी तुझा काढ, मंग आमी देतो." म्हणून पहिली नळी माझ्याच रक्ताची भरली.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आले, त्या दिवशी मी शेजारच्या पाड्यावर रक्तच घेत होते आणि आई मजुरीला गेली होती. दाराची कडी बघून त्यांनी लिहून टाकलं, 'अर्जदार या पत्त्यावर राहत नाही.' तो शेरा काढायला मी भिवंडीला पोलिसांकडे इतक्या खेपा घातल्या, की स्टँडवरचे रिक्षावाले मला नावानं ओळखायला लागले. साहेब मात्र दर वेळी विचारायचे, "तिथंच राहतेस, कशावरून?" तेवढ्यात जायची तारीख उलटून गेली.

सँपलांचे कागद मात्र झटक्यात झाले. परवानगी आली, शिक्के बसले, अंजूरच्या गोदामातून बर्फात घालून ती रवानाही झाली. आज संशोधनातल्या माझ्या सरांचा फोन आला, सगळ्या नळ्या जर्मनीत सुखरूप पोचल्या.

आईला सांगितलं. ती म्हणाली,



"पयली नळी तुझीच व्हती ना? मंग पोलिसांनी खरंच लिवलंय. तू हितं राहतच न्हायस."