अंगुस्तानाचा शिक्का

गव्हर्नर राजाचा शिक्का घेऊन जहाजातून पळाला होता, आणि राजाविरुद्ध फौज उभारण्याचा आमच्या वसाहतीचा पहिला हुकूम टेबलावर तसाच पडून होता. "बिनशिक्क्याच्या कागदात मासे बांधा," सभेतले म्हातारे खिदळले. थॉर्न वकिलांनी मेणबत्तीवर लाख वितळवून हुकमावर ओतली आणि शिपायांचे सदरे घेऊन आलेल्या टॅबिथा शिंपिणीपुढे हात पसरला. "बाई, सुई टोचू नये म्हणून घालता ते बोटातलं अंगुस्तान द्या. त्याचाच शिक्का मारू." ती उसळली, "वा, वकीलसाहेब! माझ्या घराच्या कागदावर मी हेच उमटवलं होतं. तेव्हा राजाचे वकील म्हणून तुम्हीच कोर्टात हसलात, आणि माझं घर गेलं." "हसलो," वकील म्हणाले. "चुकलो. सगळ्यांदेखत सांगतो." "आणि या कागदापायी फाशी झाली तर?" "पहिला दोर माझ्या गळ्यात." टॅबिथानं अंगुस्तान काढलंच नाही. बोटासकट तिनं ते गरम लाखेत दाबलं. "दुसरा माझ्या."