तव्याची काजळी

तानुबाईनं लेकीच्या दोन्ही पांढऱ्या कोंबड्या परसात खुंटाला बांधल्या. नवी कोंबडी चार दिवस पायात सुतळी घालून ठेवली की घर ओळखते, पळून जात नाही. पिढ्यान् पिढ्या त्या घरात असंच चाललेलं. बांधलेल्या जिवाला पळायचं झालं तर त्यानं काय करायचं, ते कुणी विचारलं नव्हतं.

सुनेच्या जुन्या कोंबड्या आल्या त्या थेट टाळक्यावर. एकीनं एका पांढरीचा तुरा फोडला. पांढऱ्या पिसांवर लाल दिसलं आणि मग साऱ्याच तुटून पडल्या.

राणी धावत आली. "सोड की गं आई त्यास्नी."

"सोडल्या तर जातील कुटं? सासरच्या वाटंला?"

 त्याच वाटेनं परवा राणी कायमची माहेरी आली होती, ह्या दोन कोंबड्या काखेत मारून.

दारात सून माया उभी होती. "वन्सं, तुमच्या कोंबड्या आल्यापास्नं माज्यांनी अंडी बंद केली. बाजाराला धाडा त्या. खुराडं केवढं, त्यात कुणाकुणाला कोंबायचं?" मग आत जाता जाता म्हणाली, "कोंबड्यांचंच म्हणतीया मी."

राणीचा सख्खा भाऊ, मल्हार, तिथंच गाडी धूत होता. त्याला सगळं दिसलं, सगळं ऐकू आलं. त्यानं आरसा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला.

तानुबाईनं लेकाकडं बघितलं.  घर त्याचं, चूल सुनेची. तानुबाईनं चुलीवरचा तवा आणला, पाठीची काजळी खरवडली, तेलात कालवली आणि कोंबडीच्या फुटलेल्या तुऱ्यावर थापली.

"लाल दिसलं की टोचत्यात," ती म्हणाली. "दिसू द्यायचं न्हाई."

जुन्या कोंबड्या जरा मागं सरल्या. पण लांब गेल्या नाहीत. मान वाकडी करून बघत राहिल्या.

राणी खुंटापाशी उकिडवी बसली होती. तिच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहत होतं. आत बांगड्या वाजल्या. माया परत बाहेर येत होती.

"डोळं पूस," तानुबाई दबक्या आवाजात म्हणाली. "बिगीनं पूस."

राणी हलली नाही.

तेव्हा तानुबाईनंच आपल्या हातानं लेकीचं तोंड पुसलं. हाताला काजळी तशीच होती.