सवयीचं काम

पक्षाघाताने शिंपीकाकांचा उजवा हात लुळा पडला. घरी येणारी फिजिओथेरपिस्ट काकूंना म्हणाली, "त्यांचा डावा हात बांधून ठेवा. उजव्याला जुन्या सवयीचं काम द्या, मेंदू बरोबर वाट शोधतो." काकूंनी कात्री दिली, सुई दिली, बटणं दिली, बोटं ढिम्म हलेनात. तरी माउली रोज नेमाने तो हात चोळत राहिली.

आज फिजिओथेरपिस्टसमोरच काकूंच्या हातून कप निसटला आणि चहा काकांच्या अंगावर सांडला. काकांचा उजवा हात सपकन खांद्याच्या वर गेला.

"काकू, उठला बघा हात," म्हणत फिजिओथेरपिस्टने टाळ्या वाजवल्या.


काकूंनी ते पाहिलंच नाही. दोन्ही हातांनी गाल झाकून त्या केव्हाच भिंतीला टेकल्या होत्या.