परत विचारायचं नाही

दुर्गाबाईंनी श्यामलाला बसायला सांगितलं नाही. पोलीस आले तरी तिला उभंच ठेवलं.

"बोल आता," त्या म्हणाल्या. "मैनाचा पत्ता तू दिलास. तुझ्या हातानं दिलास."

 श्यामलाच्या मुठीत रुमालाचा बोळा झाला होता.

कर्वेनगरातलं हे वसतिगृह दुर्गाबाईंचं. मार खाऊन घर सोडलेल्या बायका इथे येत. चौथी शिकलेल्या बाईने ते बावीस वर्षं चालवलं, आणि तेवढ्या वर्षांत एकीचाही ठावठिकाणा बाहेर गेला नाही. हे त्या प्रत्येकाला ऐकवत, कोणी विचारलं नाही तरी. मैनाला त्यांनी महिन्यापूर्वी वाघोलीला धाडलं होतं, ओळखीच्या एका बाईच्या डब्यांच्या स्वयंपाकघरात. तिथला पत्ता दोघींनाच ठाऊक. एक दुर्गाबाई, दुसरी कचेरी सांभाळणारी श्यामला. मैनाच्या आईलाही सांगितला नव्हता.

आज सकाळी सव्वासहाला त्या स्वयंपाकघराच्या फाटकात मैनाचा नवरा हिंमतराव उभा होता. त्याने तिच्या मानेवर दोन वार केले. मैना आता दवाखान्यात होती आणि डॉक्टर काही शब्द द्यायला तयार नव्हते.

हिंमतराव पळालाही नाही. पत्ता कुठून मिळाला, ते त्याने फौजदार मंदाकिनींना स्वतःच फोन उघडून दाखवलं.

काल दुपारी कचेरीच्या संगणकावर मेल आला होता. वर नाव दुर्गाबाईंचं. त्यात नवल काही नव्हतं. गुडघे गेल्यापासून दुर्गाबाई दिवसातून चार वेळा वरच्या मजल्यावरून असेच मेल धाडत. त्या फोनपुढे बोलत आणि फोन लिहून घेई. खाली श्यामला वाचे आणि कामाला लागे. नाव तेवढं दुर्गाबाईंचं होतं. मेल हिंमतरावाने धाडला होता, आणि उत्तरात श्यामलाने त्याला पत्ता कळवला.

फौजदार मंदाकिनी शांतपणे ऐकून घेत होत्या. गेल्या वर्षी त्यांनीच इथे येऊन बायकांना समजावलं होतं. मेलवरचं नाव कोणीही कोणाचंही लावतो, दारावरच्या पाटीसारखं. नावावर बोट ठेवा, खालचा खरा पत्ता बघा. ओळखीचा नसेल तर काही पाठवू नका, आधी त्या माणसाला फोन करा. श्यामलाने ते सगळं कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं होतं. कागद अजून तिथेच होता.

दुर्गाबाईंनी त्या कागदाकडे हात केला. भिंतीला कळलं, हिला नाही कळलं, असं म्हणाल्या. परवा हिंमतराव स्वतः इथे आला, तेव्हा आपण काय केलं तेही त्यांनी फौजदारबाईंना सांगितलं. बायकोला भेटायचंय म्हणून हात जोडत आला होता. दाराजवळच्या त्या बाकावर त्याला तासभर ताटकळत ठेवला. पाण्याचा पेलासुद्धा दिला नाही. मग चार बायकांसमोर त्याच्या सात पिढ्या काढल्या आणि हाकलला. खाली मान घालून गेला. त्याला माझ्या तोंडून एक अक्षर मिळालं नाही, दुर्गाबाई म्हणाल्या, आणि या शहाणीने त्याला सगळं लिहून दिलं.

"श्यामलाताई, खालचा पत्ता बघितला होता का?" मंदाकिनींनी विचारलं.

"बघितला होता."

"मग?"

"वेगळा होता. बाईंचा नव्हता."

दुर्गाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. गुडघ्याने परत खाली बसवलं.

"वेगळा होता, तर मला फोन करायला तुझे हात मोडले होते? वर तर बसले होते मी. एक जिना."

श्यामलाने पहिल्यांदा मान वर केली.

"फोन उचलला होता, बाई. दोनदा उचलला. जिन्याच्या चार पायऱ्याही चढले होते. मग वाटलं, तुम्ही नवा पत्ता घेतला असेल, आणि मी परत विचारायला आले म्हणून कामावरून काढाल. परवाच म्हणाला होतात."

वर्षातून दोन-तीनदा दुर्गाबाई तसं म्हणत. म्हणत आणि विसरत. पण श्यामलाला या वसतिगृहाशिवाय दुसरं घर नव्हतं. सहा वर्षांपूर्वी तीही याच दारातून आली होती, गालावर टाके घेऊन.

मंदाकिनींनी मेलचा कागद टेबलावर सरळ केला आणि सावकाश वाचला. "श्यामला, मैनाला जिथे ठेवलंय तिथला पत्ता आणि तिची कामावर जायची वेळ ताबडतोब कळव. एकदा सांगितलं की सांगितलं. परत विचारायचं नाही."

मग त्यांनी कागद दुर्गाबाईंकडे फिरवला.

"दुर्गाबाई, बोलण्याची ही ढब कोणाची?"

खोटं बोलायची दुर्गाबाईंना सवय नव्हती.

"माझी."

"ती हिंमतरावाला कशी ठाऊक? त्याला तर तुमच्या तोंडून एक अक्षर मिळालं नाही म्हणालात."

 दुर्गाबाईंची नजर फौजदारबाईंच्या खांद्यावरून दाराकडे गेली. बाक रिकामा होता. टेबलापासून फार तर सहा पावलं. इथलं बोलणं तिथे ऐकू जायला कान द्यावा लागत नव्हता.

परवा तासभर हिंमतराव तिथे खाली मान घालून बसला होता, आणि तो तासभर दुर्गाबाई याच टेबलाशी श्यामलाला वळण लावत होत्या: माझा मेल आला की कामाला लागायचं, परत विचारलंस तर कामावरून काढीन.