विरोध असूनही

लाल शाईचा टाक नानांच्या हातात तसाच थबकला होता आणि शैलजा त्याच्या टोकाकडे पाहत होती. मलकापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या आपल्या वडिलांनाच तिने नागपूरच्या कॉलेजचा अर्ज तपासायला दिला होता. त्यात तिने इंग्रजीत लिहिले होते, वडिलांचा विरोध असूनही मला शिकायचे आहे.

"‘इन स्पाइट ऑफ’ बरोबर वापरलं ना, नाना?"

"निर्दोष आहे," ते म्हणाले, आणि तरीही त्यांनी ते शब्द खोडले. पुढचे ‘ऑपोझिशन’ही खोडले. मधले ‘माय फादर्स’ तेवढे राहू देऊन त्यांनी अलीकडे ‘विथ’ लिहिले, पलीकडे ‘कन्सेंट’.

वडिलांच्या संमतीने. शैलजाने ती ओळ पुन्हा वाचली.

"हे खरं आहे, का नुसतं चांगलं इंग्रजी?"

नानांनी पक्की प्रत लिहायला एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला आणि ते उठून गेले.