पेडलवरचा पाय

मामाकडे पेडल स्टील गिटार शिकणाऱ्या भाचीने अर्धा तास तारा जुळवल्या, पण पाय उचलताच त्या बेसूर! जुळवताना तिने तारांचा सूर बदलणारं पेडल दाबूनच धरलं होतं. "अगदी मामावर गेलीय!" मामाच्या बँडचा ड्रमवाला खिदळला. वीस वर्षं बँडची मंडळी मामाच्या नवखेपणाचे किस्से उगाळत होती आणि तो वैतागून ऐकत होता. भाचीचे डोळे भरून आले. तिने तारा छेडायला बोटांवर चढवलेल्या नख्या काढल्या. "मला नाही जमायचं, मामा." आज ही उठली, तर पुन्हा बसणार नाही, हे त्याने ओळखलं. ड्रमवाल्याने तोंड उघडलं, तोच मामा खेकसला, "थांब, मीच सांगतो! पहिल्या कार्यक्रमात मी नख्या उलट्या घातल्या आणि तारांवर सरकवायची लोखंडी कांडी याच्या ड्रमवर पाडली!" "म्हणजे तुझ्यापेक्षा मी बरी म्हणायची!" भाची फिस्सकन हसली. मामाने कपाळावर हात मारला. किस्से सांगणारं आणखी एक तोंड वाढलं.